कंस मेला, मग मथुरा का सोडावी लागली?

हुडकेश्वरहून बोलतोय. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, आपला स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. बरेच जण बसमध्ये आवाज बंद करून नुसतं वाचतात, म्हणून आजचा एपिसोडही लिहून देतोय. बोलताना जिथे भरकटलो, तिथे थोडी छाटणी केली आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. प्रश्न साधारण असा होता की, प्रत्येक सिरीजमध्ये मेन व्हिलन हरला की त्याच्या मागून आणखी मोठा व्हिलन काऊन निघतो? ‘नारुतो’ बघणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. पेन हा सगळ्यात मोठा वाटतो, तर त्याच्या मागे टोबी. टोबी म्हणतो मी मादारा, पण तो निघतो ओबितो. मग खरा मादारा येतो. आणि मादारा जिंकायला आला की कळतं, त्यालाही कोणीतरी वापरून राहिलं होतं, कागुयाला परत आणायला. (स्पॉयलरची तक्रार चालणार नाही. मांगा 2014 साली संपलाय.) पेनपर्यंत मी श्वास रोखून बघत होतो. कागुया आली तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवून चहा करायला गेलो.

असं का होतं? मोठा व्हिलन आणल्यावर गोष्ट मोठी व्हायला पाहिजे, मग कधीकधी ती लहान का होते? मला वाटतं, उत्तर जपानपेक्षा आपल्याकडे जास्त नीट सापडतं. त्यासाठी आधी पूतना मावशीकडे जाऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात मारबत निघते. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो: काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या बायांचे पुतळे वाजतगाजत मिरवतात, रोगराई आणि ईडापीडा घेऊन जा म्हणून ओरडतात आणि शहराबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. एकशे चाळीस वर्षांच्या आसपास हे चालू आहे. मारबत म्हणजे पूतना, असं घराघरांत सांगतात. बाळकृष्णाला विष पाजायला आलेली राक्षसीण मेली, गोकुळातल्या लोकांनी तिला गावाबाहेर नेऊन जाळलं, त्याची ही आठवण.

पण पूतना स्वतःहून आली नव्हती. तिला कंसाने पाठवलं होतं. इथपर्यंत शाळेतल्या पोट्ट्यालाही माहीत असतं. कंसाच्या पुढे मात्र आपण सहसा जात नाही, कारण दहीहंडी आणि टीव्हीवरची मालिका दोन्ही तिथेच संपतात. कृष्णाने कंसाला मंचावरून ओढलं, मारलं, आईबाप सुटले, गोष्ट खतम.

गोष्ट तिथे खरं तर सुरू होते. कंसाच्या दोन बायका होत्या, अस्ती आणि प्राप्ती. दोघी मगधाचा राजा जरासंध याच्या मुली. नवरा मेल्यावर दोघी बापाकडे गेल्या आणि जरासंध सैन्य घेऊन मथुरेवर आला. एकदा नाही. भागवतात सतरा स्वाऱ्या सांगितल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी तेवीस अक्षौहिणी सैन्य. प्रत्येक वेळी कृष्ण-बलराम त्याला हरवतात आणि तो परत येतो. अठराव्या वेळी दुसरीकडून कालयवनही चालून येतो, तेव्हा कृष्ण सगळ्या यादवांना उचलून समुद्रात बांधलेल्या द्वारकेला नेतो. गुजरातेत कृष्णाला रणछोड म्हणतात ते यावरूनच. म्हणजे कंसाला मारून जे गाव सोडवलं, तेच गाव शेवटी सोडावं लागलं.

जरासंधाचा हिशोब चुकता होतो तो थेट महाभारताच्या सभापर्वात. युधिष्ठिराला राजसूय यज्ञ करायचा असतो आणि कृष्ण म्हणतो, जरासंध जिवंत असेपर्यंत ते जमणार नाही. जरासंधाने शंभर राजे बळी द्यायचं ठरवलेलं असतं, त्यातले शहाऐंशी आधीच कैदेत असतात. मग भीमाशी कुस्ती, आणि तो दोन फाकांचा प्रसिद्ध शेवट.

आता बघा, ही पूतना–कंस–जरासंध साखळी अॅनिमेसारखीच वरवर चढत जाते, तरी आपण जांभई देत नाही. कारण जरासंध आला की मागचं सगळं नव्याने दिसायला लागतं. कंस स्वतःच्या बापाला, उग्रसेनाला, कैदेत टाकून गादीवर बसला आणि एवढे यादव असून कोणी त्याला हात लावू शकलं नाही. ते का, याचं उत्तर सासऱ्यात आहे. कंसाचा माज स्वतःचा कमी आणि माहेरच्या, म्हणजे बायकांच्या माहेरच्या, जोरावरचा जास्त. कागुया आल्यावर पेनबद्दल मला नवीन काहीच कळलं नाही. चंद्र मोठा झाला, स्फोट मोठे झाले, एवढंच.

इथे एक फरक करून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये शकुनीमामा येणारच. मागचा व्हिलन आणि वरचा व्हिलन एक नाही. मंथरा कैकेयीच्या मागे आहे, पण ती दासी आहे. शकुनी दुर्योधनाच्या मागे आहे, पण त्याचं सगळं वजन भाच्याच्या गादीमुळे. माझी साधी चाचणी अशी: समोरचा व्हिलन गोष्टीतून उचलून बाजूला ठेवा. मागचा उरतो का? दुर्योधन नसेल तर शकुनी हस्तिनापुरात मुक्कामाला आलेला एक पाहुणा आहे, फासे खिशात घालून घरी जाईल. कंस नसेल तर जरासंध फौज घेऊन दारात उभा. पहिला कान भरणारा. दुसरा खरा वरचा.

‘स्टार वॉर्स’ या चाचणीत चांगला पास होतो. 1977 च्या पहिल्या सिनेमात सम्राटाचा नुसता उल्लेख आहे, 1980 मध्ये तो होलोग्राममधून दिसतो, 1983 मध्ये समोर येतो. आणि येऊन काय म्हणतो? डार्थ व्हेडरला मार आणि त्याची जागा घे. वरच्यासाठी समोरचा माणूस म्हणजे एक खुर्ची, माणूस बदलला तरी चालतं. तोच सम्राट 2019 मध्ये मेलेल्यातून परत आणून पुन्हा सगळ्यांच्या मागे उभा केला तेव्हा मात्र प्रेक्षक हसले, कारण आधीच्या दोन सिनेमांत त्याची पेरणीच नव्हती. लेखकाला गरज पडली म्हणून आलेला माणूस लगेच ओळखू येतो. तसा शेरलॉक होम्सचा प्रोफेसर मोरिआर्टीही गरजेपोटीच आलेला. कॉनन डॉयलला होम्सपासून सुटका हवी होती, 1893 च्या गोष्टीत त्याला मारायला तोलामोलाचा माणूस पाहिजे होता, म्हणून लंडनच्या गुन्हेगारीच्या मागे बसलेला एक प्रोफेसर त्याच गोष्टीत जन्माला येतो आणि त्याच गोष्टीत धबधब्यात पडतो. पुढे 1914 मध्ये सुरू झालेल्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्ये डॉयलने त्याला आधीच्या काळात नेऊन बसवलं. पेरणी नंतर केली म्हणा ना. तरी मोरिआर्टी चालला, कारण सुटे गुन्हे एका जाळ्यात बसतात ही कल्पनाच लोकांना पटली.

बरं, आता मुद्द्यावर येतो. वरच्या व्हिलनला समोरचा व्हिलन लागतो कशाला? हातात ताकद आहे तर स्वतःच का नाही येत? गेममध्ये याचं उत्तर सोपं आहे, फायनल बॉस पहिल्या लेव्हलला आला तर गेम संपला. पण गोष्टीतलं उत्तर मला एका मराठी नाटकात मिळालं, आणि त्याच्याइतकं नागडं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’.

पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972, पुणे. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. नाना फडणवीस झाले होते डॉक्टर मोहन आगाशे, घाशीराम झाले होते रमेश टिळेकर. गोष्ट थोडक्यात अशी. घाशीराम हा कनोजहून पुण्यात पोट भरायला आलेला ब्राह्मण. चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, पुण्याबाहेर हाकलला जातो. तो सूड घ्यायचा ठरवतो. नानाची नजर घाशीरामच्या मुलीवर, गौरीवर आहे. घाशीराम मुलगी देतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मागतो. मग रात्री रस्त्यावर निघाला की परवाना दाखव, नाही तर मार. छळ, खोट्या कबुल्या, कोठड्या. शहर थरथर कापतं.

आता मेन व्हिलन कोण? नाटक बघणारा कोणीही म्हणेल, घाशीराम. तो दिसतो, तो ओरडतो, त्याच्या हातात चाबूक आहे. पण त्याला नेमताना नाना मनाशी हिशोब मांडतो. हा परका माणूस. पुण्यातल्या कोणाशी हातमिळवणी करणार नाही, कारण सगळे त्याचा द्वेष करणार. हा जे करेल ते याच्या नावावर, आणि आपण जे करू तेही याच्याच नावावर. नानाला शहर धाकात ठेवायला कोतवाल तर हवाच, पण त्याहून जास्त हवा आहे तो शिव्या खाणारा माणूस.

पुढे गौरी मरते. बाप हादरतो आणि आणखी पिसाळतो. बाहेरून आलेल्या काही ब्राह्मणांना अरुंद कोठडीत कोंबलं जातं आणि त्यातले कित्येक गुदमरून मरतात. लोक खवळून नानाच्या वाड्यावर जातात. त्या क्षणी तुम्हाला वाटतं की आता नाना अडचणीत आला. काहीच नाही! नाना शांतपणे घाशीरामच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो. जमाव घाशीरामला ठेचतो. आणि नाना येऊन लोकांना सांगतो की शहरावरचं संकट टळलं, आता उत्सव करा. नाटक नाचगाण्यात संपतं.

नारुतोमध्ये समोरचा पडला की मागचा उघडा पडतो. इथे उलटं आहे. समोरचा पडतो आणि त्यामुळेच मागचा झाकला जातो. लोकांचा राग खरा होता, खून खरे होते, न्यायही एका अर्थाने मिळाला. पण तो सगळा राग घाशीरामच्या अंगावर खर्च झाला. नानाच्या वाट्याला टाळ्या.

या नाटकातली एक गोष्ट तर मुद्दाम यूट्यूबवर बघा. सुरुवातीला रंगमंचावर ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण दिसतात, ते नाचतात, गातात, आणि मध्येच पाठ फिरवून भिंत होतात. त्या माणसांच्या पडद्यामागे जे चालायचं ते चालतं, पडदा परत वळतो आणि भजन सुरू होतं. म्हणजे नाना लपलाय तो गुहेत नाही, मुखवट्यामागे नाही, दुसऱ्या ग्रहावर नाही. तो लोकांच्या मागे लपलाय. प्रेक्षकाला तो पहिल्यापासून दिसतो. दिसत नाही तो फक्त नाटकातल्या पुण्याला. लेखकाने रहस्य राखलेलंच नाही, तरी शेवटी अंगावर काटा येतो.

नाटकावर वादळ झालं हे सांगायला हवं. नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी केली म्हणून विरोध झाला, मूळ संस्थेने, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, प्रयोग थांबवले. मग त्यातल्या कलाकारांनी थिएटर अकॅडमी काढून ते परत उभं केलं आणि पुढे परदेशातही नेलं. घाशीराम नावाचा कोतवाल इतिहासात होता. घाशीराम सावळदास, 1777 पासून पुण्याचा कोतवाल, नानांच्याच कारकिर्दीत. कोठडीतल्या मृत्यूंनंतर 1791 मध्ये जमावाने त्याला दगडांनी मारलं, हेही खरं. मुलीचा सौदा वगैरे नाटकातली गोष्ट आहे, आणि हे ऐतिहासिक नाटक नाही असं तेंडुलकर स्वतः सांगत आले. इतिहासातले नाना हे मोठे कारभारी होते, त्यांचा निकाल या नाटकावरून लावू नका. पण वरचा व्हिलन कसा काम करतो, हे शिकायचं तर नाटकातल्या नानाकडेच जावं लागतं.

(एक गंमत. या नाटकावर 1976 साली मराठी सिनेमा निघाला, त्यात घाशीराम होते ओम पुरी, त्यांची ही सुरुवात. सात वर्षांनी ‘अर्धसत्य’मध्ये तेच ओम पुरी इन्स्पेक्टर वेलणकर होऊन रामा शेट्टीचा, म्हणजे सदाशिव अमरापूरकरांचा, गळा आवळतात. श्री. दा. पानवलकरांची कथा, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. रामा शेट्टी मरतो, पण ज्यांच्या एका फोनवर तो सुटायचा ते फोनवाले तसेच राहतात.)

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. आमच्या हुडकेश्वरात निम्मी घरं एकेकाळच्या शेतावर पडलेल्या लेआउटमध्ये आहेत. प्लॉट, आरएल, रजिस्ट्री हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. माझ्या बाबांनी एका प्लॉटचे हप्ते पाच वर्षं भरले आणि नंतर कळलं की तोच प्लॉट आणखी एकाला विकलाय. पैसे घ्यायला दर महिन्याला एक एजंट यायचा, ओळखीतलाच, आमच्याकडे पोहे खाऊन जाणारा. तीसेक घरं फसली होती. एका रविवारी सगळे त्याच्या दारात गेले. मी तेव्हा अकरावीत, मीही गेलो. शिव्या, धक्काबुक्की, त्याच्या स्कूटरची काच फुटली. त्याची बायको दारात उभी राहून रडून राहिली होती. तो दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेला आणि तीस घरांचा राग महिनाभरात थंड झाला. कागदावर ज्याची सही होती, पैसे ज्याच्याकडे गेले, तो माणूस कोणी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या दारात जायचं कुणाला सुचलंही नाही, कारण दार कुठे आहे तेच माहीत नव्हतं. एजंट निर्दोष होता असं मी म्हणत नाही. घाशीरामही नव्हता. पण तो पळाल्यावर सगळ्यात जास्त सुटकेचा श्वास कोणी टाकला असेल, हा विचार मला नाटक पाहिल्यावर पहिल्यांदा आला.

म्हणून गोष्ट लिहिणाऱ्या तुमच्यापैकी काहींना, वेबकॉमिक करणारे दोघं-तिघं तर नियमित ऐकतात, एवढंच सांगतो. वरचा व्हिलन आणायचा असेल तर त्याची पॉवर किती जास्त आहे हे ठरवण्याआधी, खालच्याचा त्याला उपयोग काय, ते ठरवा. पैसा आणून देतो? शिव्या खातो? नकार देता येऊ नये म्हणून मध्ये उभा राहतो? हे जमलं की वरच्याला डोळ्यातून लेझर सोडायची गरज पडत नाही. त्याला सही येत असली तरी पुरते.

आता परत मारबतीकडे, कारण एक धागा राहिलाय आणि तो फक्त नागपूरचाच आहे. पूतनेची गोष्ट सांगितली, पण काळ्या मारबतीची दुसरीही गोष्ट इथे सांगतात. ती म्हणजे बाकाबाई भोसले. दुसऱ्या रघुजींची राणी. तिने इंग्रजांशी संधान बांधलं, म्हणून लोकांनी तिचा पुतळा काढून जाळायला सुरुवात केली, अशी लोकांची समजूत. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. पुढच्या वर्षी आप्पासाहेबांना काढून दहा वर्षांच्या आसपासच्या मुलाला, तिसऱ्या रघुजीला, गादीवर बसवलं आणि बाकाबाईला त्याची पालक केलं. दरबारात दिसत होती ती बाकाबाई. राज्याचा कारभार मात्र हातात घेतला होता रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने. महसूल, न्याय, नेमणुका, सगळं त्याच्या देखरेखीखाली. त्याने या मुलखावर लिहिलेला जाडजूड रिपोर्ट 1827 मध्ये छापला गेला, आजही इतिहासवाले तो उघडतात. तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले आणि वारस नाही म्हणून डलहौसीने नागपूर खालसा करून टाकलं.

बाकाबाई कशी होती, किती दोषी होती, यावर भांडायला इतिहासवाले आहेत. मी एवढंच बघतो की तिचा पुतळा दरवर्षी निघतो. शहराने तिला दीडशेच्या आसपास वेळा जाळलंय. जेंकिन्सचा बडग्या मात्र मी अजून एकदाही पाहिलेला नाही. पोळ्याला अजून वेळ आहे, महालातल्या एखाद्या मंडळाच्या कानावर घालणारे कोणी ऐकत असाल तर घाला. टोपी, कोट आणि हातात टाक, एवढं केलं तरी चालेल.

पुढच्या एपिसोडमध्ये नारायण धारपांचे समर्थ. तोवर ‘घाशीराम’ बघून घ्या आणि नाना आवडला का, ते खरं खरं लिहून पाठवा. चला, इकडे तिसरी शिट्टी झाली.